डाव्या चाकाचा बॉल जॉईंट

अक्का,

तेराव्याला जेवून जाताना जवळजवळ प्रत्येक बाई मला एकच वाक्य ऐकवून गेली. "लय सोसलं बाईनं." मी मान हलवत होते आणि विडा हातात देत होते. तिथं वाद घालणं बरं दिसलं नसतं. पण तुम्ही सोसणाऱ्यातल्या होता, असं मला एवढ्या वर्षांत कधी दिसलं नाही. येत नव्हतं ते शिकून घेतलं, पटत नव्हतं त्यावर भांडलात, आणि उरलेलं तसंच टाकून रानात निघून गेलात. सोसत बसायला तुम्हाला सवड कुठं होती?

म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. घरात माणसं येत होती तोवर काही सुचत नव्हतं. आता येणारे कमी झाले, अंगणवाडीही सुरू झाली, आणि दुपारी घरी आले की तुमच्याशी बोलायची सवय आडवी येते. शिवाय आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते दुसऱ्या कुणाजवळ पुरं करता येत नाही.

त्या भांडणाची सुरुवात गाडीखाली झाली, तेव्हा तिथूनच सांगते.

दादांना, म्हणजे तुमच्या मालकांना, लकवा मारला त्याआधी आपल्या दारातली प्रत्येक वस्तू तेच दुरुस्त करत. ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, शेजाऱ्याची फटफटी. मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावर पदर आणि तोंड बंद. थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं सरळ बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. ते समोर बसलेले असायचे आणि मी तुम्हाला म्हणायचे, "अक्का, दादांना इचारा, भात वाढू का?" ते तुमच्याकडं बघून म्हणायचे, "वाढ म्हणावं." तुम्हाला हसू यायचं. "समोरासमोर बसून तारा कशाला पाठवायलाव रे," म्हणायचात.

लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला, पाय ओढायला लागला आणि जीभ बसली. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. एकच शब्द उरला होता. उद्या. भूक लागली की उद्या. पंखा लावा म्हणायचं तर उद्या. भेटायला आलेल्या माणसाला नमस्कार करून उद्या. पाहुणे गोंधळायचे, म्हणायचे, बरं, उद्या येतो. तुम्ही मात्र त्या एका शब्दाचे सगळे सूर ओळखायला लागलात. पाण्याचा उद्या वेगळा, रागाचा वेगळा. मलाही हळूहळू कळायला लागलं.

आणि दारात गाडी नुसती उभी. पांढरी, जुनी, डिझेलवर चालणारी. दर गुरुवारी दादांना परभणीला न्यायचं होतं, आधी हातापायाचा व्यायाम आणि मग बोलायला शिकवणाऱ्या मॅडम. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढता येत नव्हत्या. आमचे मालक हंगामभर मानवतला कापसाच्या जिनिंगवर, ते दर गुरुवारी कसे येणार? तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "भाऊजी, मला शिकवा." मालकांनी तुम्हाला मोकळ्या रानात गाडी शिकवली. नांगरटीतनं गाडी उड्या मारत जायची आणि तुम्ही स्टिअरिंगला चिकटून बसलेल्या. गावानं चार दिवस मजा बघितली. पाचव्या दिवशी तुम्ही डांबरीवर आलात.

मला ते गुरुवार आवडायचे, अक्का. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. घरात दुखणं असताना असं म्हणावं का, म्हणून मी बोलले नाही. मी मागच्या सीटवर दादांना धरून बसलेली, तुम्ही पुढं, खिडक्या उघड्या. वाटेत झरीला थांबून पेरू घ्यायचो. बाईमाणूस गाडी चालवतंय म्हणून ट्रकवाले वाकून बघायचे आणि तुम्ही त्यांच्याकडं अजिबात बघायचा नाहीत.

तो आवाज पहिल्यांदा तुम्हालाच ऐकू आला. गेल्या वर्षी होळी होऊन गेली होती. झरीच्या अलीकडं खड्ड्यातनं चाक गेलं की पुढं डावीकडं टक्क व्हायचं. मी म्हणाले, दगड उडाला असंल. तुम्ही म्हणालात, "एकच दगड रोज उडायलाय का?" सोमवारी तुम्ही गाडी हळूहळू रशीद मिस्तरींच्या दुकानावर नेली. त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, टायरखाली पहार घातली आणि वर दाबली. चाक सैल दातासारखं हललं.

"भाभी, ये अब नक्को चलाव," ते म्हणाले. "बॉल जॉईंट गया."

तुम्ही विचारलं तो काय असतो. त्यांनी एक मूठ वळली, दुसऱ्या हाताची वाटी केली आणि मूठ वाटीत फिरवून दाखवली. माणसाच्या खुब्यात हाड बसतं ना, तसा लोखंडाचा गोळा लोखंडाच्या वाटीत बसतो. त्याच्यावर चाक वळतं. वाटी झिजली. एखाद्या खड्ड्यात गोळा बाहेर आला की चाक आडवं पडतं, मग गाडी कुणाचं ऐकत नाही.

मिस्तरींच्या लेकीचं लग्न होतं. ते त्याच दिवशी दुकान बंद करून हिंगोलीकडं निघाले होते, पुढच्या आठवड्यापर्यंत येणार नव्हते. त्यांनी परभणीच्या दुकानदाराला फोन करून सामान सांगून ठेवलं आणि "आने के बाद लगा देता" म्हणाले. चाक पुन्हा घट्ट बसवून दिलं. तुम्ही गाडी बैलाच्या चालीनं घरी आणली.

घरी येऊन मी म्हणाले, "एक गुरुवार चुकला तर काय होतंय?"

तुम्ही म्हणालात, "मागं दिवाळीत चुकला. हात परत वाकडा झाला. बघितलाव ना?"

बघितला होता. तुम्ही एसटीनं परभणीला जाऊन सामान घेऊन आलात. पिशवीतनं काढून ते माझ्या हातात दिलं. मुठीएवढी वस्तू, एका बाजूला तीन भोकं, दुसऱ्या बाजूला आटे पाडलेला खुंट आणि मधे काळं रबर. एवढ्याशा वस्तूवर आपण चौघं पाचजण बसून हिंडतो, याचं मला नवल वाटलं.

मालकांचा फोन आला. आपण दोघी जॉईंट स्वतःच बदलणार असं त्यांनी ऐकलं होतं, ते खरं आहे का, असं विचारत होते.

"भाऊजी, यांचे पाने हायत घरात. आमी खोलून बघतो."

"वैनी, हात लावू नका. रविवारी मी येतो."

"गुरुवार रविवारच्या आधी येतोय."

"आवो, ते बायामाणसाचं काम हाय का?"

तुम्ही फोन माझ्याकडं दिलात. "तुझे मालक हायत, तू बोल." मी काय बोलणार? मी म्हणाले, बरं, आणि फोन ठेवला. कशाला बरं म्हणाले ते मालकांनाही कळलं नसेल.

बुधवारी सकाळी आपण कापूस वेचायला जाताना घालतो तसे लुगड्यावर जुने सदरे घातले. दादांची बाज तुम्ही ओसरीतनं काढून अंगणात, चाकासमोर आणून ठेवली. त्यांना उशीला टेकवून बसवलं. "बघत बसा," म्हणालात. "चुकलं तर सांगा." ते म्हणाले, "उद्या." तुम्ही म्हणालात, "उद्या न्हाई, आजच." ते हसले. लकव्यानंतर त्यांचं हसू एका बाजूनं यायचं.

मागच्या चाकांना दगड लावले. जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करायचे, हे दादांनी डाव्या हातानं दाखवलं. मी पान्यावर उभी राहिले तेव्हा पहिला नट हलला. मग तुम्ही जॅक लावला आणि गाडी उचलायला लागलात. गाडी वर आली, आपण चाक काढलं. मी वाकून आत हात घातला, जॉईंटचा नट अडकवणारी पिन कुठं आहे ते चाचपायला.

दादा म्हणाले, "उद्या."

"हो हो," तुम्ही म्हणालात.

"उद्या. उद्या." त्यांनी डाव्या हातानं बाजेवर थाप मारली. सूर ओळखीचा नव्हता. पाण्याचा नव्हता, रागाचाही नव्हता. मी मागं वळून बघितलं तर त्यांचा चेहरा लाल झालेला, मान पुढं आलेली. तोंड उघडं होतं आणि आतनं काही येत नव्हतं. मग आलं.

"ठो… ठो… ठोकळा."

एवढ्या दिवसांत दुसरा शब्द पहिल्यांदाच आला होता. मी शब्दच ऐकला, अर्थ ऐकलाच नाही. तुम्ही दोन्ही ऐकलं. माझं मनगट धरून हात बाहेर ओढला आणि गोठ्याकडं पळालात. लाकूड फोडायला खाली घेतो तो बाभळीचा ठोकळा दोन्ही हातांनी लोळवत आणला आणि गाडीच्या पोटाखाली, चौकटीच्या पट्टीखाली बसवला. दादांनी मान हलवली आणि ते मागं टेकले. घामानं भिजले होते.

पिन गंजून बसली होती. डिझेल टाकून, पकडीनं पिळून पिळून ती तुकड्यांनी निघाली. खाचांचा नट सैल केला. पण खुंट त्याच्या भोकात असा रुतून बसला होता की हलेना. तुम्ही हातोडा वरनं खुंटावर मारायला उचलला. दादांनी पुन्हा बाजेवर थाप मारली, आणि बाजेच्या खुराला आडवा हात मारून दाखवला. बाजूनं मारायचं. खुंटाला हात लावायचा नाही, भोक ज्या लोखंडात आहे त्याला आडवं ठोकायचं. तुम्ही ठोकायला लागलात. दहा घाव तुमचे, मग माझे, मग पुन्हा तुमचे. शेजारच्या बायका भिंतीवरनं बघायला लागल्या.

माझे घाव चालू होते तेव्हा जॅक कलला. आपली जमीन काळी, तीत तो एका बाजूनं रुतत गेला असणार. गाडी एक वीत खाली आली आणि ठोकळ्यावर बसली. आवाज फार मोठा नव्हता. धप्प. मी गुडघ्यावर, हात चाकाच्या जागी, आणि माझ्या हाताच्या वर सगळी गाडी, ठोकळ्यावर.

तुम्ही माझ्याजवळ खाली बसलात, माझा हात घेऊन उलटा पालटा करून बघितला, जसा काही तो बाजारातनं आणलाय. मग दादांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"चल," तुम्ही म्हणालात. "जॅकखाली फळी घालू."

मी घाबरले होते, अक्का. तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत, त्यामुळं मी उठू शकले. धीर दिला असतात तर मी रडले असते आणि काम तिथंच राहिलं असतं.

त्यानंतर चार घावांत खुंट सुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. खालची दांडी तुम्ही पहारीवर बसून दाबून धरली, मी तीन बोल्ट काढले, जुना जॉईंट बाहेर घेतला. त्यातला गोळा बोटानं कसाही फिरत होता. नवा बसवताना भोकं जुळेनात, तेव्हा तुम्ही पहारीवर थोडं पुढं सरकलात, मग मागं, आणि मी "आता, आता" म्हणत बोल्ट घातले. नवी पिन वाकवताना दादांनी ती बघायला मागितली. नुसता हात पुढं केला. मी जवळ जाऊन चाकाकडं बोट दाखवलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले. "दादा, दोनी बाजूनं वाकवली." पदर कधीच डोक्यावरनं गेला होता. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गुरुवारी आपण परभणीला गेलो. हळू गेलो. झरीच्या अलीकडं तोच खड्डा आला तेव्हा तिघांनी श्वास धरला. आवाज आला नाही. परभणीत चाकांची दिशा यंत्रावर तपासून घेतली. रविवारी मालक आले, सतरंजी घालून गाडीखाली गेले, बराच वेळ आत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "ठीक हाय." पुढं म्हणाले, "पुढच्या येळी मला सांगा तरी." तुम्ही म्हणालात, "सांगितलं की."

इथपर्यंत आपलं भांडण नव्हतं. ते त्याच बुधवारी दुपारी सुरू झालं.

हात धुऊन तुम्ही दादांसमोर जमिनीवर बसलात. "आता परत म्हणा. काय आणायला सांगितलं मला?" ते म्हणाले, "उद्या." तुम्ही बसून राहिलात. भाकरी थापायची होती, मीच थापली. मी सगळा स्वयंपाक केला, पानं घेतली, तरी तुम्ही तिथंच. मग आतनं मी ऐकलं, "ठोकळा." तुम्ही उठून जेवायला आलात आणि मला म्हणालात, "आजपासनं यांना शब्द द्यायचा न्हाई. ह्यांच्यापाशी हाय. आपण दिला की हे शोधत न्हाईत."

मला ते पटलं नाही. तहान लागलेल्या माणसानं "प… प…" करत घाम गाळायचा आणि आपण तांब्या हातात धरून बसायचं? एकदा मी पटकन म्हणाले, "पाणी? घ्या." तुम्ही माझ्या हातातनं तांब्या काढून घेतलात.

"मंदा, ते म्हणले असते."

"आवो, घसा कोरडा पडलाय त्यांचा."

"अंगणवाडीत पोरांना शब्द देतीस ना दिवसभर, ती सवय लागली तुला. हे काय पोरगं न्हाईत."

"पोरगं न्हाईत म्हणूनच. पोराला लाज न्हाई वाटत, यांना वाटती."

तुम्ही तांब्या दिला नाहीत. दादा आपल्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होते. शेवटी "पाणी" आलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं निघून गेले.

परभणीच्या मॅडमना दोघींनी विचारलं. त्या म्हणाल्या, थोडं थांबा, मग मदत करा. परत येताना गाडीत आपण थोडं म्हणजे किती यावर भांडलो. तुमचं थोडं आणि माझं थोडं यात एक भाकरी भाजून व्हायची.

हॉटेलातल्या एका गोष्टीवरनं तुम्ही मला शेवटपर्यंत सोडलं नाहीत. मॅडमकडनं निघून आपण चहाला थांबलो. दादांना स्वतः सांगायचं होतं. वेटर उभा, मागं गिऱ्हाईकं, गल्ल्यावरनं हॉटेलवाला हाका मारायलाय. दादांचा ओठ थरथरायला लागला. शेजारच्या टेबलावरची पोरं बघायला लागली. मी म्हणाले, "तीन चहा, एक बिनसाखरेचा." वेटर गेला. दादांनी मान खाली घातली. ती सुटका झाली म्हणून घातली का मी हिसकावून घेतलं म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही. झरी मागं पडल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणले असते ते." मी म्हणाले, "ती पोरं हसल्यावर म्हणले असते." तुम्ही म्हणालात, "हसू द्यायचं होतं." घरी येऊन दोन दिवस आपलं बोलणं बंद. मग गवार निवडताना कुणीतरी काहीतरी विचारलं आणि सुरू झालं, नेहमीसारखं.

तुमच्या थांबण्यानं शब्द आले, हे मी कबूल करते. पाणी, भाकरी, दार, मोटार, लाईट. पोळ्याला त्यांनी बैलाचं नाव घेतलं. तुमच्या थांबण्यातलं मला जे जमत नव्हतं ते वेगळंच होतं. मी थांबले तरी माझ्या तोंडावर शब्द दिसायचा. माझे ओठ हलायचे. तुमच्या तोंडावर काहीच नसायचं. जगातलं सगळं काम संपल्यासारख्या तुम्ही बसायचात, आणि बाहेर दहा कामं पडलेली असायची.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी अंगणवाडीत होते. पोरं गोलात बसली होती. तुमच्या छातीत काही आहे हे कुणाला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसावं. चुलीपुढनं उठताना तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. घरात दादा एकटे. ते काठी घेऊन रस्त्यावर आले. दारापासून रस्त्यापर्यंतचं ते अंतर त्यांनी कसं काढलं देव जाणे. शेजारची पार्वती सांगते, ते फाटकाला धरून उभे होते, तोंड उघडत होते, मिटत होते. ती धावली तेव्हा त्यांनी मोठ्यानं म्हणलं, "मंदा."

माझं नाव. त्यांनी ते आधी कधी घेतलं नव्हतं, जीभ चांगली होती तेव्हासुद्धा नाही.

मी पळत आले. मालक हंगामामुळं मानवतला, म्हणून पार्वतीच्या मुलानं गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, घरातच संपलं होतं, लगेच आणलं असतं तरी हातात काही नव्हतं. मी त्यांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा दादांसमोर विचारलं, त्यांनी ऐकावं म्हणून. कारण फाटकापाशी उभं राहून शब्द शोधायला त्यांना किती वेळ लागला, हे ते मनात मोजत असणार, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी तेच उत्तर पुन्हा दिलं. दादांनी मान हलवली. पटलं का नाही, सांगता येत नाही.

नंतर कितीतरी दिवस ते बोलले नाहीत. "उद्या"सुद्धा नाही. भेटायला आलेली माणसं म्हणायची, झटका बसला, परत गेलं सगळं. मी पाणी नेऊन ठेवायची, ते प्यायचे. शब्द द्यायचा का थांबायचं, हा प्रश्नच उरला नव्हता. त्यांनी काही मागितलंच नाही तर देणार काय आणि थांबणार कशासाठी?

गेल्या गुरुवारी मालकांनी सुट्टी काढली आणि आम्ही परभणीला गेलो. मॅडम त्यांच्याशी बराच वेळ बसल्या. काय झालं आत मला माहीत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी दोन कप चहा केला आणि एक त्यांच्यापुढं ठेवून समोर खाली बसले. तुम्ही बसायचात तिथं. डोक्यावर पदर घेतला, कारण त्याशिवाय मला धीर होत नव्हता.

"दादा, एक इचारू का?"

त्यांनी बघितलं.

"अक्का थांबायच्या. मी मधीच शब्द द्यायची. आमी दोघी लय भांडलो त्याच्यावरनं. तुमाला कुणी इचारलंच न्हाई. तुमाला कसं बरं वाटायचं?"

अक्का, खरंच आपण कधी विचारलं नव्हतं. मॅडमना विचारलं, मालकांना विचारलं, पार्वतीलासुद्धा मधे घेतलं होतं एकदा. ज्यांच्यावरनं भांडायचो ते दोन हातांवर बसलेले असायचे.

ते चहाकडं बघत राहिले. ओठ हलले. मी हात मांडीखाली दाबून धरले. चहावर साय धरली. बाहेर पार्वती शेळ्यांना हाका मारत होती, ती घरात गेली, दार लागलं.

"ती," दादा म्हणाले. मग पुष्कळ वेळानं, "थांबायची."

मी मान हलवली. मला वाटलं निकाल लागला, तुम्ही जिंकलात. त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

पण त्यांनी डावा हात वर केला, अजून संपलं नाही म्हणून.

"तू… द्यायची."

आणि मग दोन बोटं वर करून, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं, "दोगी… पायजे… होत्या."

एवढं बोलून त्यांनी गार झालेला चहा उचलला आणि पिऊन टाकला. मी कप घेऊन आत आले. चुलीपुढं बसून रडले, तुमच्यासाठी असं नीट पहिल्यांदाच. तेराव्यापर्यंत तर कामंच होती.

आता दोन्ही माझ्याकडं आलंय. आधी थांबायचं आणि मग द्यायचं. माझी अडचण मधल्या वेळाची आहे. तुम्ही समोर असताना मला तो मोजावा लागत नव्हता, तुम्ही ताणून धरायचात आणि मी तोडायची, त्यात कुठंतरी बरोबर जमत असावं. एकटीला अंदाज येत नाही. काल फार थांबले, त्यांनी रागानं ताट सरकवलं. आज सकाळी फार लवकर दिलं, "गूळ?" म्हणून टाकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि हळूहळू म्हणाले, "न्हाई. मीठ."